पोच

जांभळी नाक्याच्या आतल्या बोळात आमचं दुकान.
घंगाळं, हंडे, समया,
आणि वर्षातून दोनदा अ‍ॅम्ब्रोज किणीचा ट्रॉम्बोन.
टांग्यातून यायचा, गोधडीत गुंडाळून,
तापातलं पोर आणावं तसा.
वडील मोगरी खाली ठेवत. म्हणत,
कुठे आदळलास या खेपेला?

कर्ण्याच्या काठावर लांबट पोचा : झाशी स्टेशन.
गाडी सुटलेली, आठ माणसं धावतायत,
ड्रम खिडकीतून आत.
मागच्या वाकाला मसुरीच्या हॉटेलचा जिना,
नोकरांचा. बँडनं तिथूनच चढायचं असा नियम होता,
साहेब जाऊन नऊ वर्षं झाली तरी.
जमालपूरला रेल्वेच्या नाचात कुणी बाटली फेकली
ती ह्याला चुकून ट्रॉम्बोनला लागली.
"बरा झाला," म्हणाला,
"माजा थोबाड तू सरल केला असता काय?"

मी भाता ओढायचो. बारा वर्षांचा.
चिंच, राख, नवसागर या वासांत त्या दिवशी
गुलाबाचा वास यायचा,
कारण नळी सरकावी म्हणून तो तिला
बायकांचं कोल्ड क्रीम चोळायचा.
तिच्यावर भोकं नाहीत, खुणा नाहीत.
सात जागा आहेत म्हणे, पण हवेत.
कळतं कसं? मी विचारलं.
त्यानं ट्रॉम्बोन माझ्या खांद्यावर ठेवला.
सहाव्या जागेपर्यंत गेलो, पुढे हात पोचेना.
वडील हसले.
तो नाही हसला. त्यालाही पोचत नसे म्हणाला,
चर्चमधल्या फादरनं नळीला सुतळी बांधून दिली होती.

कलकत्त्याला दोन हंगाम दारावर पाटी :
अ‍ॅम्ब्रोज किणी आणि त्यांचे आठजण.
पांढरा कोट. फोटो आहे.
इकडे फिलोमीना मनीऑर्डर घ्यायची, सही करायची,
आणि ती पोच त्याच्यामागे हिंडायची
नेहमी एक गाव उशिरा.

मग हॉटेलांनी रेकॉर्ड लावायला सुरुवात केली.
आठाचे पाच झाले. सॅक्सोफोनवाला स्टुडिओत गेला,
ड्रमवाला बहारीनला.
उरलेला एकटा घरी आला
आणि कोळबाडच्या पोरांना लाल डगले घालून
वरातीपुढे उभा राहिला.
चालू गाण्यात मध्येच चार मात्रा अशा वाकवायचा
की घोडा थांबायचा.
नवऱ्याचे मामा चिडत.

दात गेले तेव्हा दुकान माझ्याकडे आलं होतं.
तोंडाची वाटी रुंद कर म्हणाला.
तीनदा केली.
कवळी डब्याच्या झाकणात काढून ठेवून फुंकायचा,
ओली हवा यायची, बाकी काही नाही.
"राहू दे," म्हणाला. पैसे द्यायला विसरला.

त्यानंतर एकदा तलावपाळीला वरात आडवी आली.
सगळ्यात पुढे तो.
ओठ नुसते टेकलेले. गाल सपाट.
नळी मात्र पुढे, मागे, अर्धवट, पुन्हा पुढे,
आणि मागची चौदा पोरं त्या नळीकडे बघत वाजवत होती.
मी सायकलवरून उतरलो.
सातव्या जागेला तो खांद्यापासून कलला,
क्षणभर थांबला,
तिथून आवाज आला नाही आणि कुणी चुकलंही नाही.

परवा त्याची मुलगी आली. वाशीला असते.
गोधडी नाही, प्लॅस्टिकची पिशवी.
मोडीत घ्याल का, म्हणाली.
मी काट्यावर ठेवला. दोन किलोला जरा कमी.
उलटासुलटा करून बघितला, सवय.
म्हटलं, हा कडीजवळचा बोटाएवढा पोचा
त्यानं कधी काढू दिला नाही,
आणि कुठल्या गावचा तेही कधी सांगितलं नाही.
तिनं तिथं अंगठा ठेवला. बरोबर बसला.
"घरी पडला. माझ्या हातून.
मी सहा वर्षांची. पप्पा दुसऱ्या दिवशी निघणार होते."
मग पिशवीत परत घातला तिनं,
आणि पट्टा खांद्याला लावला.

वही काढली. किणी, बाकी साडेतीन रुपये.
तिनं पर्स उघडली. पाचचं नाणं दिलं.
मी घेतलं, दीड परत केला,
आणि कागदाच्या चिठोऱ्यावर
तारीख घालून पोच लिहून दिली.